दुकान आणि दालन वेगळे करू नका

प्रति,
मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका



मी कोल्हापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवली. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटली की वर्षातून दोनदा मी मुलांना घेऊन पायी निघायचो. टाऊन हॉलपासून सुरुवात, भाऊसिंगजी रोडने शिवाजी चौक, भवानी मंडप, चप्पल लाईन, पापाची तिकटी, गुजरी, आणि पायांत बळ उरले तर खरी कॉर्नर. वहीत रेखाटने करायची, पाहिलेल्या वस्तूंची नावे लिहायची, एवढाच अभ्यास.

अशाच एका फेरीत सातवीतला एक मुलगा होता. चित्रकलेत कच्चा, निदान माझ्या वहीत तशी नोंद होती. संग्रहालयात तो मागेमागेच राहिला. चप्पल लाईनीतल्या एका दुकानापाशी मात्र तो सगळ्यांच्या पुढे आला. चपलेच्या पट्ट्यावरची वेणी हातात घेऊन तो वर्गाला सांगू लागला, की ही किती पदरांची आहे, वादी कुठून आत जाते, ओढ कमी पडली तर वेणी कुठे सैल होते. त्याची आई घरी वेण्या घालायची आणि तो तिच्याशेजारी बसून शिकला होता. दुकानदार हातातले काम थांबवून ऐकत होते. त्या दिवशी मला कळले, की मी या मुलाचा हात नीट पाहिलाच नव्हता. कागदावर जे उतरते तेवढ्यालाच मी चित्रकला समजत होतो.

हे पत्र त्या दिवसाच्या ऋणातून लिहितो आहे. सेवेतून मोकळा झालो तरी मी तीच वाट चालतो आणि दरवेळी तिच्यावरचे एखादे दुकान कमी झालेले दिसते. चालणारी दुकाने बंद होतात आणि त्यांच्या जागी कारखान्यातून आलेला एकसारखा माल येतो. आता अंबाबाई मंदिर परिसराचा मोठा आराखडा पुढे सरकतो आहे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. रक्कम सुमारे १,४४५ कोटी रुपयांची. मंदिराला मोकळा श्वास मिळावा, वयस्कर भाविकांना सावली आणि बसायला जागा मिळावी, असे कोणाला वाटणार नाही? मलाही वाटते. मंदिराभोवतीच्या गल्ल्यांमध्ये जे हात काम करतात, त्यांचे काय होणार एवढाच माझा प्रश्न आहे.

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात. हे नाव आपण भाषणांत आणि कमानींवर फार सहज वापरतो. ते कशामुळे मिळाले, हे समजून घ्यायचे तर मुलांबरोबरच्या त्या वाटेनेच चालावे लागेल. मी आपल्याला त्या वाटेने नेतो.

टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. मेजर चार्ल्स मँट यांची ती रचना. आपला नवा राजवाडाही त्यांचाच. आज या इमारतीत वस्तुसंग्रहालय आहे. तिथली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून तो इथे कसा आला? व्यापाराच्या वाटेने. सातवाहनांच्या काळात ब्रह्मपुरीची वस्ती व्यापारी आणि कारागिरांची होती, आणि रोमन जगातल्या वस्तू पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून घाट चढून अशा गावांत येत. ज्या वस्तूसाठी आज परदेशातले अभ्यासक कोल्हापूरला येतात, ती या गावाच्या बाजारानेच इथे आणली. मी मुलांना हे सांगायचो तेव्हा त्यांचे डोळे चमकायचे. मूर्ती पाहून ती थेट बाजारात जायला तयार असायची.

याच इमारतीत आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा माणूस मुंबईत नाव मिळवण्याऐवजी कोल्हापुरात परतला आणि आयुष्यभर कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा काठ रंगवत राहिला. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या जलरंगांत पाण्यावरचे धुके पाहिले की मुले हमखास विचारायची, “सर, हे आपलंच कोटितीर्थ?” आपल्याच गावाचे पाणी कोणीतरी इतक्या निगुतीने पाहिले होते, हे कळण्यासाठी चित्रदालन लागते. ते काम कोणत्याही पुस्तकाने होत नाही.

टाऊन हॉलमधून निघालो की भाऊसिंगजी रोड. या रस्त्याला ऑगस्ट २०२५ पासून नवी वर्दळ आली आहे, कारण उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले. सहा जिल्ह्यांतले पक्षकार आणि वकील आता इथे येतात, तारखेची वाट पाहतात, दोन-चार तास मोकळे असतात. समोर संग्रहालय आहे आणि पुढे चालत जाण्याच्या अंतरावर अख्खे जुने गाव. त्यांना तसे सांगणारा एक फलकही रस्त्यावर नाही.

पुढे शिवाजी चौक. इथे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन स्त्रियांनी तो विद्रूप केला. पुढे १९४५ मध्ये त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. तो घडवणारे हात बाबुराव पेंटर यांचे होते. इथून जवळच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब हयात असताना. त्यामागे पुढाकार भाई माधवराव बागल यांचा, आणि बागल हेही मूळचे चित्रकार. या गावात कला चौकात उभी राहिली. तिने भूमिका घेतल्या.

बाबुरावांपाशी थोडे थांबायला हवे, कारण माझे सगळे म्हणणे त्यांच्या आयुष्यात आहे. मेस्त्री हे त्यांचे आडनाव. घरात सुतारकाम, मूर्तिकाम, हस्तिदंतावरचे काम. बाबुराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. लोकांनी त्यांना ‘पेंटर’ हे नाव दिले ते त्यामुळे. दोघांना चित्रपट काढायचा होता आणि परदेशी कॅमेरा मिळत नव्हता, म्हणून त्यांनी तो स्वतः बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. बाबुरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने काम पुरे केले. लेथवर सुटे भाग कातून कोल्हापुरात चित्रपटाचा कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे बळ दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. याच कंपनीत व्ही. शांताराम घडले. इथूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात कंपनी काढली. त्या कॅमेऱ्याच्या स्मरणार्थ खरी कॉर्नरला आज कॅमेरा स्तंभ उभा आहे.

महोदय, हा कॅमेरा कोणत्याही कलादालनात जन्मला नाही. सुतार, लोहार, रंगारी आणि मूर्तिकार एकाच घरात, एकाच गल्लीत होते, म्हणून तो जन्मला. कोल्हापुरात चित्रकाराचे घर आणि कारागिराचे दुकान यांच्यात भिंत नव्हती. शाहू महाराजांचा आश्रय होता हे खरेच. पण त्या आश्रयाला धरून ठेवणारी जमीन या गल्ल्यांची होती. त्या जमिनीवरची माती आपण आता उचलून नेतो आहोत.

चप्पल लाईनीत चला. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले असते. तळ, कान, पट्टा, अंगठा, वेणी, प्रत्येक भाग वेगळा कापायचा, रापीने तासायचा, आरीने टोचायचा आणि चामड्याच्याच वादीने शिवायचा. पारंपरिक जोडात खिळा नसतो. वेणी घालण्याचे नाजूक काम बहुतेक घरांत बायका करतात, आणि त्यांचे नाव कोणत्याही पाटीवर नसते. चांगला दुकानदार आधी गिऱ्हाइकाचा पाय पाहतो, मग जोड काढतो. तेल कधी द्यायचे, पहिले चार दिवस घरातच का घालायची, पावसात कशी जपायची, हे तो सांगतो. हे बोलणे म्हणजेच त्या चपलेचे शिक्षण आहे आणि ते खोक्यात भरून विकता येत नाही.

२०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा या कंपनीने तशीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही, तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला. कंपनीला या परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. तो संताप रास्त होता. पण मिलानमध्ये नाव वगळले म्हणून पेटून उठणारे आपण, आपल्याच गल्लीत वेणी घालणाऱ्या बाईचे नाव कधी विचारले आहे का? रेक्झिनची नक्कल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते, तिच्याकडे पाहून आपण पुढे जातोच ना? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

गुजरीत कोल्हापुरी साज घडतो. पूर्ण साजात परंपरेने एकवीस पाने असतात. त्यांत दशावतार येतात, अष्टमंगळ येते. चंद्र, मासा, कासव, शंख, कमळ, बेलपान, नाग हे आकार नखाएवढ्या जागेत असे बसवलेले असतात, की रेषेचा धडा द्यायला मला याहून चांगले साधन कधी सापडले नाही. मुले दुकानाच्या पायरीवर बसून ती पाने वहीत काढायची. सोनार काका चष्मा वर करून चुका दाखवायचे. तो तास शाळेच्या वेळापत्रकात नव्हता, पण माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना तोच आठवतो.

या वाटेवर आणखी एक धंदा होता, जो माझ्या डोळ्यांदेखत जवळजवळ संपला. पाट्या रंगवणारे पेंटर. या गावात पेंटर ही पदवी होती. सिनेमाची पोस्टर, दुकानांच्या पाट्या, तालमींच्या भिंतींवरचे मारुती, सगळे हाताने होत असे. जी. कांबळे यांच्यासारखा मोठा चित्रकार पोस्टरच्या कामातूनच पुढे आला; त्यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले आणि ते घराघरांत पोचले. आज चौकाचौकांत डिजिटल फलक लागतात. वाढदिवसाचा फलक चार दिवस लटकतो आणि कचऱ्यात जातो. ब्रश धरणारा माणूस त्या काळात दुसऱ्या कामाला लागतो आणि परत येत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा सगळे कोल्हापूर रस्त्यावर आले होते. मी म्हाताऱ्या कलावंतांना तिथे उभे राहून रडताना पाहिले. त्या दुःखातून पुनर्बांधणीला बळ मिळाले. पण एखाद्या पेंटरचे दुकान बंद होते, एखादा तांब्याचा ठोका थांबतो, तेव्हा ज्वाळा दिसत नाहीत, म्हणून कोणी धावत येत नाही. नुकसान मात्र त्याच जातीचे असते. नाट्यगृह पुन्हा बांधता येते. मोडलेला हात पुन्हा बांधता येत नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. सगळ्या आपल्या अधिकारात बसणाऱ्या किंवा आपल्या एका पत्राने पुढे सरकणाऱ्या आहेत.

पहिली. वारसा म्हणून आपण वास्तूंची यादी करतो. तशीच चालत्या हातकामाच्या दुकानांची यादी करा. चपला, साज, तांबे-पितळ, मूर्ती, पाट्या, वाद्ये. जिथे वस्तू दुकानातच किंवा मागच्या खोलीत बनते, ते प्रत्येक ठिकाण नोंदवा. मालकाबरोबर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावेही नोंदवा. जे यादीत नाही ते आराखड्यात दिसत नाही, आणि जे आराखड्यात दिसत नाही ते पाडताना कोणाचा हात थांबत नाही.

दुसरी. मंदिर परिसराच्या कामात ज्यांना जागा सोडावी लागेल, त्यांतल्या कारागिरांना पर्यायी जागा आधी मिळावी आणि ती तळमजल्यावर, रस्त्याला लागून, मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर असावी. चपलांचे दुकान तिसऱ्या मजल्यावर नेले की ते गोदाम होते. गाळ्यात बसून काम करण्याइतकी जागा, उजेड आणि पाणी हवे. आराखडा राबवणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत, हे मला ठाऊक आहे. पण गावाच्या बाजूने बोलण्याचा पहिला अधिकार महापालिकेचा आहे.

तिसरी. टाऊन हॉल ते पापाची तिकटी आणि पुढे खरी कॉर्नरपर्यंतची पायवाट आखा. अंतर फार नाही. रमतगमत गेले तरी अर्ध्या दिवसात होते. पदपथ मोकळे करा. वाटेवरचे फलक मराठीत असावेत आणि ते डिजिटल छापून न घेता गावातल्या पेंटरांकडून हाताने रंगवून घ्यावेत. त्यांच्याबरोबर आपल्या कलामहाविद्यालयांतली मुले बसवा. एका मोसमात गावाला फलक मिळतील आणि ब्रश पुढच्या पिढीच्या हातात जाईल.

चौथी. टाऊन हॉलचे संग्रहालय आणि राजारामपुरीतले चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय राज्य शासनाची आहेत, आपली नाहीत. तरीही तिथे नेणारा रस्ता आपला आहे. मांडऱ्यांनी आपले घर आणि आपली चित्रे लोकांना देऊन टाकली. पावडर शेडिंगच्या त्यांच्या निसर्गचित्रांपुढे मी कधीकधी एकटाच उभा असतो आणि बाहेरून गाड्या वाहत असतात. आठवड्यातून एक दिवस ही संग्रहालये संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवावीत, असे पत्र आपण राज्याच्या वस्तुसंग्रहालय संचालनालयाला लिहा. केशवराव भोसले नाट्यगृह तर आपलेच आहे. ते पूर्ण होईल तेव्हा त्याच्या आवारात तरुण चित्रकारांसाठी एक दालन राखून ठेवा, भाडे त्यांना परवडेल असे ठेवा, आणि त्याच दालनात वर्षातून एकदा चप्पल बनवणारे, साज घडवणारे, मूर्तिकार यांचे काम त्यांच्या नावानिशी मांडा. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते, तसे वेणीखाली वेणी घालणारीचे असू द्या.

लाखो भाविक अंबाबाईला येतात, ओटी भरतात, पेढे घेतात आणि त्याच संध्याकाळी परततात. त्यांना अर्धा दिवस जास्त राहावेसे वाटले तर त्याचा पैसा थेट या गल्ल्यांत जाईल. हे हिशेबानेही फायद्याचे आहे. पण मी हे पत्र फक्त हिशेबासाठी लिहिलेले नाही. उद्या सातवीतला एखादा मुलगा आपल्या आईची वेणी वर्गाला समजावून सांगेल, तेव्हा त्याच्या मास्तरांना त्याला उभे करायला एक दुकान शिल्लक असले पाहिजे.

आपण एका शनिवारी सकाळी टाऊन हॉलच्या दारात या. गाडी तिथेच ठेवा. मी असेनच, सोबत माझे काही जुने विद्यार्थीही असतील. आराखड्याच्या नकाशावर सही होण्याआधी ही वाट एकदा स्वतःच्या पायांनी चालून पाहा, एवढीच विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
कोल्हापूर